नखाएवढं सिम आणि उरलेलं कार्ड

आदरणीय भंतेजी, पुष्पावहिनी, आणि इथे जमलेल्या बंधू-भगिनींनो, जय भीम.

मला भाषण येत नाही. हजिऱ्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मी बावीस वर्षं काम करतो. तिथे दिवसभरात माझी दहा वाक्यं होत असतील. काल पुष्पावहिनींनी निरोप पाठवला की सुधाकरभाऊंबद्दल दोन शब्द तुम्ही बोला. मी म्हणालो, वहिनी, दुसरं कोणीतरी बघा. त्या म्हणाल्या, "ते रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसायचे. काय बोलायचे ते मला कधी कळलं नाही. मला ऐकायचंय."

म्हणून उभा आहे. कागदावर लिहून आणलंय. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. मागे भिंतीला टेकून जे उभे आहेत ते लूमवरची पाळी संपवून थेट आलेत, कपड्यांवरचा धागासुद्धा झटकलेला नाही. ओडिशाची मंडळी आलीत. समोरच्या बाजारातले गुजराती भाई आलेत, त्यांना मराठी थोडं थोडं कळतं, म्हणून मी हळू बोलतो. आणि पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी नवागामच्या गोदामावशी बसल्या आहेत. मावशी, तुमची गोष्ट मी सांगणार आहे. सकाळी तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. सुधाकरभाऊंच्या हातून एक चूक झाली आणि मावशींचा फोनचा नंबर गेला. मावशींचा मुलगा घर सोडून गेलेला आहे आणि त्याला तेवढा एकच नंबर पाठ आहे. ते मी लपवून भाऊंबद्दल बोललो तर भाऊंनाच आवडणार नाही.

बाहेरगावचे पाहुणे आहेत, म्हणून आधी थोडं सांगतो. भाऊंचे वडील भुसावळहून इथे सुरतेत, उधन्याच्या यार्डात, रेल्वेत लागले. भाऊ इथेच शिकले, इथेच वाढले. डिंडोलीच्या गरनाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे रेल्वेखालचा जो रस्ता आहे ना, तिथे एक मोठी छत्री, एक टेबल, दोन स्टूल. सतरा वर्षं. सगळे त्यांना सिमवाले काका म्हणायचे. अकरा दिवसांपूर्वी सकाळी तीच छत्री उघडताना छातीत कळ आली. शेजारच्या भाजीवाल्याने रिक्षात घातलं. दवाखाना येईपर्यंत संपलं होतं.

सिम विकणारा माणूस. त्याच्याबद्दल काय बोलायचं, असं कोणाला वाटेल. मलाही पूर्वी वाटलं असतं.

तुम्हाला त्यांची कामाची पद्धत आठवते? लूमवरचे कामगार एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ राहतात. गावाहून आले की सगळे मिळून छत्रीखाली यायचे. गावी गेले की नंबर बंद, परत आले की नवा. दुसऱ्या कंपनीची ऑफर आली की पुन्हा नवा. सहा जणांची सहा सिमं एकदम चालू करायची, तर घोळ व्हायचा. म्हणून भाऊ काळ्या मार्करने प्रत्येक कार्डावर नाव लिहायचे. संतोष, खोली चार. बिरंची, खोली नऊ. मग कार्डातून चिप मोडून काढायची, फोनमध्ये बसवायची, आणि उरलेलं कार्ड त्या माणसाच्या हातात द्यायचं. सांगायचे, जपून ठेव, ह्यावर पिनचा आकडा आहे, सिम अडलं तर लागेल. तो माणूस हो म्हणायचा. चार पावलं जायचा. आणि टाकून द्यायचा.

बँकेच्या कार्डाएवढं कार्ड. त्यातलं आपल्याला लागतं करंगळीच्या नखाएवढं. बाकीचं रस्त्यावर.

काही वर्षांपूर्वी खाडीचं पाणी आपल्या गल्लीत शिरलं होतं, ते इथे सगळ्यांना आठवत असेल. तीन दिवस गुडघ्याएवढं पाणी. उतरल्यावर आम्ही सगळे फावडी घेऊन बाहेर पडलो. गल्लीच्या कोपऱ्यावर गटाराची लोखंडी जाळी आहे, ती तुंबली होती, म्हणून पाणी जात नव्हतं. भाऊ आणि मी ती साफ करत होतो. काय नव्हतं त्यात? गुटख्याच्या पुड्या, वेफरची पाकिटं, साड्यांच्या काठाच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्या. आणि मध्ये मध्ये पांढरी कार्डं. एका बाजूला भोक पडलेली.

भाऊंनी एक उचललं. पँटला पुसलं. बघत राहिले. मग दुसरं उचललं, तेही पुसलं. मी म्हटलं, काय झालं? त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. चिखलाखाली मार्करची काळी अक्षरं तशीच होती. नाव होतं, खोलीचा नंबर होता.

म्हणाले, "हे माझं अक्षर आहे."

मी हसलो. आज सगळ्यांसमोर कबूल करतो, मी हसलो. म्हटलं, भाऊ, अर्धी सुरत ह्या जाळीत अडकलीय, त्यात तुमची चार कार्डं कुठे घेऊन बसलात? ते हसले नाहीत. म्हणाले, "बाकीचं कोणाचं ते मला माहीत नाही. ह्याच्यावर लिहिलंय."

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्या घरी आले. तोपर्यंत आमची ओळख नमस्कारापुरती होती. ते धुतलेलं कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, तुम्ही प्लास्टिकच्या कारखान्यात आहात, मला सांगा, हे पुढे कुठे जातं?

मी म्हटलं, कुठेच जात नाही. तुकडे होतात. तुकड्यांचे तुकडे होतात. खाडीतून नदीत, नदीतून समुद्रात. पण संपत नाही.

बंधूंनो, माझं काम दाणे तपासायचं. प्लास्टिकचे दाणे. किती तापवलं की वितळतात, किती ताणलं की तुटतात, हे मी रोज बघतो. बावीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही की हे कुठे जातं. मीही कोणाला विचारलं नाही. छत्रीखाली सिम विकणाऱ्या माणसाने विचारलं.

मग ते रोज येऊ लागले. एकदा नवं सिमचं पाकीट घेऊन आले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं सुटं करून मांडलं. वरचं पातळ प्लास्टिक. रंगीत छापलेला जाड कागद. आत घडी घातलेला माहितीचा कागद, जो आजवर कोणी वाचला नाही. मग कार्ड. आणि कार्डात ती चिप. भाऊ म्हणाले, नवरदेव एवढासा आणि वऱ्हाड बघा किती. आणि हे वऱ्हाड कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातून निघून खोक्यात भरून, ट्रकात बसून, गोदामात थांबून माझ्या छत्रीखाली येतं, आणि माझ्याकडून दोन मिनिटांत गटारात जातं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कार्डं परत घ्यायला सुरुवात केली. चिप काढायची, पिनचा आकडा त्या माणसाच्या घरच्यांच्या फोनवर पाठवून द्यायचा, आणि उरलेलं कार्ड स्वतःकडे ठेवायचं. लोकांना संशय आला. लूमचा एक मास्तर, म्हणजे कामगारांचा मुकादम, तर भांडायलाच आला, की काका आमच्या नावाची कार्डं ठेवून काय करतोस. भाऊंनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि गटाराची गोष्ट सांगितली. तो मास्तर आज मागे उभा आहे, मला दिसतोय.

साठलेल्या कार्डांची गोणी भंगारवाल्याकडे नेली, तर त्याने ती परत केली. म्हणाला, "काका, ये नहीं चलेगा, इसमें क्या-क्या मिला हुआ है." मग ती गोणी घरी आली. मग दुसरी. वहिनी तेव्हा काय म्हणायच्या ते मी ऐकलंय. वहिनी, सांगू का? त्या म्हणायच्या, "लोकांच्या माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी असतात, माझ्या माळ्यावर अख्ख्या डिंडोलीचे नंबर आहेत."

मग एक दिवस ते आले, फोन हातातच होता. चहा समोर ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी हात लावला नाही. त्या दिवशी कंपनीच्या एक मॅडम छत्रीवर आल्या होत्या. त्यांनी भाऊंच्याच फोनवर करून दाखवलं होतं. जुनं सिम काढून ठेवलं. पाकीट नाही, कार्ड नाही. पडद्यावरच्या चौकोनी नक्षीसमोर फोन धरला, दोन-चार ठिकाणी हो म्हटलं, आणि थोड्या वेळाने रेंजच्या दांड्या उभ्या राहिल्या.

भाऊ मला म्हणाले, "काहीच दिलं नाही हो त्यांनी. आणि फोन लागला."

हे त्यांनी तीनदा म्हटलं. मग पिनने फोनची सिमची डबी उघडली. रिकामी. विहिरीत वाकून बघावं तसं ते त्या रिकाम्या डबीत बघत बसले.

मी शास्त्र शिकलेला माणूस आहे. मी त्यांना समजावून सांगितलं, की ह्याला ई-सिम म्हणतात. चिप आहेच, पण ती फोनच्या आत कायमची बसवलेली आहे. समजा, ती पाटी आहे. कंपनी लांबून तिच्यावर तुमचा नंबर लिहिते. नंबर बदलला, कंपनी बदलली, की पुसते आणि पुन्हा लिहिते. पाटी तीच.

मला वाटलं, मी समजावतोय. पण त्यांनी जे म्हटलं ते मला सुचलं नव्हतं. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक नावासाठी नवी पाटी दिली. आणि लिहून झाल्यावर लोकांनी ती फेकली."

ई-सिमची माहिती मला आधीपासून होती. मी कधी थक्क झालो नव्हतो. त्यांच्याकडे बघून झालो. एक वस्तू नसण्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोकांना काहीतरी मिळालं की आनंद होतो. ह्यांना, काहीतरी बनवावं लागणार नाही, आणावं लागणार नाही, फेकावं लागणार नाही, ह्याचा झाला.

मग ते सुरूच झाले. तुम्हाला सगळ्यांना त्यांनी पकडलं असेल. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायला लावायचे. पडद्यावर एक जादा लांबलचक आकडा आला की त्यांचा चेहरा खुलायचा, म्हणजे ह्या फोनमध्ये सोय आहे. सुरुवातीला सहा जणांच्या खोलीत एखाद्याच्याच फोनवर तो यायचा. मग त्या एकाचं तसं करायचे आणि बाकीच्या पाचांना कार्ड द्यायचे, उरलेला भाग परत घेऊन. कोणाला कमी लेखायचे नाहीत. एक जण म्हणाला, काका, मीपण मग नवा फोन घेतो. त्याच्यावर मात्र रागावले. म्हणाले, अरे, नखाएवढं प्लास्टिक वाचवायला अख्खा फोन फेकणार? आहे तो चालव. मोडला की मग बघू.

ही समज त्यांना कुठून आली, मला माहीत नाही. पुस्तकातून नाही.

एकदा मी त्यांना टोकलं. म्हटलं, भाऊ, आमच्या कारखान्यातून एका पाळीत जेवढे दाणे बाहेर पडतात, त्यापुढे तुमच्या माळ्यावरच्या सगळ्या गोण्या काहीच नाहीत. एक सिम वाचलं काय, न वाचलं काय. ते अगदी साधेपणाने म्हणाले, तुमच्या दाण्यांचं तुम्ही बघा. माझ्या हातून काय जातं, ते मी बघतो.

रागाने नाही म्हणाले. म्हणूनच ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आता मावशींचं सांगतो.

मावशींचं सिम जुनं होतं, कधीकाळी कात्रीने कापून लहान केलेलं. सारखं बंद पडायचं. मावशींची भाची नर्स आहे, तिने आपला जुना पण चांगला फोन मावशींना दिला. मावशी तो घेऊन छत्रीवर आल्या. भाऊंनी ते आकडे दाबले. लांबलचक आकडा आला. नवागाममध्ये, एवढ्या वयाच्या बाईच्या फोनवर. भाऊ एवढे हरखले की विचारू नका. मावशींना सगळं सांगितलं, ह्याने कार्ड वाचतं, कागद वाचतो, गाडीचं डिझेल वाचतं, खाडीत काही जात नाही. मावशी म्हणाल्या, कर भाऊ, तू सांगशील तसं. झालं. जुन्या सिमवरूनच संदेश पाठवून काम झालं, कागद लागले नाहीत; मग ते कापलेलं सिम भाऊंनी काढून गोणीत टाकलं. फोन छान चालू झाला.

महिनाभराने फोन हळू चालायला लागला. भाचीच्या मुलीने म्हटलं, आजी, दे, मी साफ करून देते. आता आपली सगळ्यांची सवय काय आहे? फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दुरुस्तीला टाकायचा, तर आधी सिम काढून घ्यायचं. पदराच्या गाठीत बांधायचं, नाहीतर खिशात ठेवायचं. मग फोन द्यायचा. मावशींनीही तेच केलं. डबी उघडली. आत सिम नव्हतं. मावशींनी विचार केला, सिम नाहीच, म्हणजे जायला काही नाही. आणि फोन दिला.

मुलीने फोन पूर्ण पुसला. पाटीवरचा नंबरही पुसला गेला.

मावशी छत्रीवर आल्या तेव्हा मी तिथे होतो. दुपारची पाळी होती, कामावर निघालो होतो. मावशी म्हणाल्या, "भाऊ, त्यामा सिमच नव्हतं. मंग काय गयं?"

भाऊंना लगेच कळलं. त्यांचा चेहरा मी बघितला. तरी ते म्हणाले, मावशी, घाबरू नका, पुन्हा लिहून घेऊ. आधार कार्ड द्या. तेव्हा कळलं, की नंबर मावशींच्या नावावर नाहीच. काकांच्या, म्हणजे मावशींच्या यजमानांच्या, नावावर आहे. काका जाऊन चार वर्षं झालेली. भाऊ म्हणाले, मग नवा नंबर घेऊन देतो, आजच. मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, "मना पोऱ्याले हाऊच नंबर पाठ शे."

त्यांचा मुलगा बापाशी भांडून घरातून गेला होता. बाप गेल्याचंही त्याला कदाचित माहीत नाही. कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. मावशी दर महिन्याला न चुकता त्या नंबरावर रिचार्ज मारत होत्या. फोन करायला नाही. तो करेल म्हणून.



भाऊंनी छत्री मिटली. भर दुपारी. त्याआधी मी त्यांना कधीच दुपारी छत्री मिटताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काय काय वाचेल ते मी सगळ्यांना सांगितलं. काय जाऊ शकतं, ते नाही सांगितलं."

मी म्हटलं, भाऊ, तुमची काय चूक, मुलीने पुसलं. आणि पाटीची उपमा माझीच होती, पुसता येते हे मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, नाही. रिकामी डबी बघून मी खूश झालो. तीच रिकामी डबी बघून मावशी फसल्या. हे मला आधी दिसायला पाहिजे होतं.

मग त्यांच्या चकरा सुरू झाल्या. बंद पडलेला नंबर कंपनी ठरावीक दिवस ठेवते, मग दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. ते दिवस भाऊंना माहीत होते. रोज सकाळी छत्री उघडायच्या आधी मावशींना रिक्षात घेऊन कंपनीच्या मोठ्या दुकानात. काकांचा मृत्यूचा दाखला. तो गावचा होता, नावात फरक निघाला. भाऊ स्वतः गावी जाऊन दुरुस्त करून आले. मग काउंटरवर सांगितलं, नंबर बाईंच्या नावावर करायचा तर मुलाची संमती लागेल, तोही वारस आहे. भाऊ त्यांना म्हणाले, साहेब, मुलाची सही आणता आली असती तर नंबर कशाला लागला असता?

काउंटरवरच्या माणसाला ते पटलं, पण त्याच्या हातात नव्हतं. वरचे साहेब भेटत नव्हते. भाऊ तिथल्या खुर्चीवर बसून राहायचे. मावशी शेजारी. मला एकदा म्हणाले, की तिथे बसून मी लोकांचे फोन बघतो, दोघांना ते आकडे दाबायला शिकवलं. मी म्हटलं, अजूनही? एवढं झाल्यावर? म्हणाले, गोष्ट चांगलीच आहे हो. मी अर्धी सांगत होतो.

 माणसं अशा वेळी दोनपैकी एक करतात. चूक झाली नाही म्हणतात, नाहीतर ती गोष्टच टाकून देतात. भाऊंनी चूकही ठेवली आणि गोष्टही ठेवली.

शेवटी ते वरचे साहेब भेटले. गुजराती होते, वयस्क. भाऊ म्हणाले, मी बोलायला लागलो तर मावशींनीच थांबवलं आणि त्या स्वतः बोलल्या. अहिराणीत. त्या साहेबांना किती शब्द कळले असतील, कोणास ठाऊक. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला, प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले, आणि स्वतः सही केली. चार दिवस उरले होते. नंबर परत आला.

परत आला तो कार्डावर. भाऊंनीच तसं मागितलं. दुकानातला माणूस म्हणाला, काका, तुम्ही तर सगळ्यांना ई-सिम सांगता. भाऊ म्हणाले, मावशींना हातात धरता येईल असंच द्या. छत्रीवर येऊन त्यांनी चिप मोडली, फोनमध्ये बसवली, उरलेल्या कार्डावर मार्करने लिहिलं, गोदामावशी, नवागाम. आणि गोणीत टाकलं.

त्यानंतर टेबलावर एक पुठ्ठा लागला. अजून आहे. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्हीत, त्यांच्याच अक्षरात. 'डबी रिकामी दिसली तरी नंबर आत आहे. फोन पुसण्याआधी, विकण्याआधी, देण्याआधी मला विचारा.' आणि नवा नियम. ई-सिम हवं असेल तर आधी स्टुलावर बसायचं. नंबर कोणाच्या नावावर आहे? फोन कोण कोण हाताळतं? फोन हरवला तर कुठे जायचं माहीत आहे? हे सगळं झाल्यावरच. लोक म्हणायचे, काका, सोयरीक जुळवताय का? ते म्हणायचे, तसंच समज.

मावशींच्या मुलाचा फोन अजून आलेला नाही. इथे मी खोटं बोलणार नाही. माळ्यावर गोण्याही तशाच आहेत. वहिनी मला विचारतात, त्यांचं काय करायचं. मला माहीत नाही. मी शोधतोय. एवढंच सांगतो, की शेवटच्या वर्षात एकच गोणी भरली, तीही अर्धी. बाकीची कार्डं बनलीच नाहीत. ती कुठल्या कारखान्यातून निघाली नाहीत, कुठल्या ट्रकात चढली नाहीत, आपल्या जाळीत अडकली नाहीत. ती कधी नव्हतीच, म्हणून ती कोणाला दिसणार नाहीत. भाऊंचं काम बघायला गेलं तर असं आहे. दाखवायला काही नाही.

गेल्या आठवड्यात मी कामावर गेलो आणि आमच्या साहेबांना विचारलं, की साहेब, आपले दाणे पुढे कुठे जातात? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तुमची तब्येत बरी आहे ना, म्हणाले. मी म्हटलं, बरी आहे. मला यादी पाहिजे. ते म्हणाले, बघतो. मी दर सोमवारी विचारणार आहे.

वहिनी, तुम्ही विचारलं होतं ते काय बोलायचे. हेच बोलायचे. दुसरं काही नाही. आणि उठताना रोज म्हणायचे, चला, पुष्पा वाट बघत असेल.

माझा कागद संपला.

सुधाकरभाऊ, तुम्हाला माझा शेवटचा जय भीम.

आता आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. ज्यांना बसूनच राहावं लागेल, त्यांनी बसा. कृपा करून सगळ्यांनी आपापले फोन बंद करा.

गोदामावशी, तुम्ही नका करू. तुमचा चालू राहू द्या. वाजला तर इथेच उचला, सावकाश बोला. तुमचं बोलणं होईपर्यंत आम्ही उभे राहू.